मीटर मी शेवटी बघतो

पहाटे 5.30

काल रात्री झोपण्यापूर्वी भोसरीच्या कुरिअरवाल्या मालकाला पुन्हा एकदा फोन केला होता. "शेट, मी येईपर्यंत गाडीला चावी लावू नका. पोरांनाही सांगून ठेवा." जुनी मालवाहू व्हॅन बघायची तर ती रात्रभर उभी असलेली, थंडगार हवी. गरम इंजिन बरंच काही झाकून घेतं. सैल पडलेली टायमिंग चेन गप्प असते, व्हॉल्व्ह सीलमधून रात्री उतरलेलं ऑइल जळून गेलेलं असतं, मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा झटक्यात सेल्फ फिरवते. दहा वाजता या म्हणणारा विक्रेता लबाडच असतो असं नाही. पण मी दहाला जात नाही.

गॅरेज मुलाच्या हवाली केल्यापासून माझं काम एवढंच. दुसऱ्यासाठी जुनी गाडी बघायची आणि घ्यावी की नाही ते सांगायचं. पैसे घेणाऱ्याकडून, आणि ठरलेले. गाडी घेतली काय, सोडली काय, तेवढेच. विकणाऱ्याकडून चहा घेतो, पाकीट नाही. पिशवीत टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, कॉम्प्रेशन गेज, प्लगपाना, स्कॅनर आणि गाडीखाली झोपायला सतरंजीचा तुकडा.

सकाळी 6.30, भोसरी

पांढरी ईको कार्गो, सीएनजी, 2019 ची. मालक आधीच उभा. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे बॉनेटवर हात ठेवून काही कळत नाही. मी वाकून सायलेन्सरच्या पाइपाला हात लावला. गार होता. शब्द पाळला होता माणसानं.

सुरू करण्याआधी खाली पाहिलं. जिथं गाडी रोज उभी राहते तिथली जमीन गाडीबद्दल पुष्कळ सांगते. मागच्या डिफरन्शियलच्या बरोबर खाली ऑइलचा जुना, रुपयाएवढा डाग होता. पुढे, इंजिनखाली, कोरडं. ऑइल काळं पण पातळीत. कूलंट हिरवट. हे महत्त्वाचं, कारण ज्यानं वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय त्याच्या टाकीत गंजाचं तांबूस पाणी दिसतं, आणि मग आत रेडिएटरच्या नळ्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही.

"आता मारा सेल्फ."

दुसऱ्या फेऱ्यात गाडी सुरू झाली. चेनचा खडखडाट एक-दोन सेकंद आला आणि विरला. ऑइलचा दाब येईपर्यंत टेन्शनर सैल असतो, एवढा आवाज या वयात चालतो. पाच-सहा सेकंद टिकला असता तर मी वहीत लाल रेघ ओढली असती. मागून निळसर धुराचा एक झोत आला आणि थांबला. पहिल्या सेल्फला येऊन थांबणारा निळा धूर व्हॉल्व्ह सीलचा. चालत्या गाडीत, एक्सलेटर दाबला की येतच राहणारा असेल तर तो रिंगांचा. पहिल्यात काही हजार जातात, दुसऱ्यात इंजिन खोलावं लागतं.

मग ऑइलचं झाकण उघडून पाहिलं. झिजलेल्या इंजिनात तिथून फुसफुस वाफ येते आणि झाकण वर ठेवलं तर नाचतं. हे शांत होतं. आणि आता एक काम, जे कुणालाच आवडत नाही: नुसतं थांबायचं. रेडिएटरचा पंखा आपणहून चालू होईपर्यंत गाडी जागेवर चालू ठेवायची. मालक म्हणाला, "काका, एवढ्यात दोन डिलिव्हऱ्या झाल्या असत्या." पंखा फिरला. थोड्या वेळानं बंद झाला. पुन्हा फिरला. तेव्हा कुठे मी सतरंजी पसरली.

सकाळी 7.30

ज्यांच्यासाठी गाडी बघत होतो त्या ताई आल्या, स्कूटरवरून. ताईंचा डब्यांचा व्यवसाय आहे. सकाळी कंपन्यांत, दुपारी एका वसतिगृहात, मिळून दीडशेच्या आसपास डबे. आजवर रिक्षा-टेम्पो भाड्यानं घेत होत्या. मी त्यांना परवाच विचारलं होतं, एक दिवस गाडी बंद पडली तर काय होईल? त्या म्हणाल्या, "एक दिवस लोक ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी दुसरा डबेवाला लावतात."

माझी सगळी तपासणी या एका उत्तराभोवती फिरते. जुन्या गाडीला खर्च असतोच. पण काही खर्च सांगून येतात आणि काही न सांगता. क्लच महिनाभर आधी वर यायला लागतो. टायर डोळ्यांना दिसतो. बुश गेले की खड्ड्यात ठकठक होते. हे सांगून येणारे, रविवारी उरकता येणारे. इंधन पंप, रेडिएटरचा पंखा, हेड गॅस्केट, वॉटर पंपाची बेअरिंग ही मंडळी न सांगता येतात, आणि नेमकी डबे भरलेले असताना. लोक एकूण खर्चाची बेरीज करून गाडी जोखतात. मी खर्चाचे दोन रकाने करतो, आणि दुसऱ्या रकान्यातले पाच हजार पहिल्यातल्या वीस हजारांपेक्षा जड धरतो.

गाडीखालून बाहेर आलो तेव्हा पहिल्या रकान्यात भर पडली होती: डिफरन्शियलचं सील पाझरतंय, पुढचे दोन्ही खालचे बॉल जॉइंट सैल, मागचे शॉकअब्सॉर्बर ओले. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत गंज, पण पत्रा दाबल्यावर टणक. लोहचुंबक सगळीकडे चिकटलं, फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यात ढिलं पडलं. तिथं लांबी भरलेली. पुण्यात डिलिव्हरी करणाऱ्या व्हॅनचा तो कोपरा न ठोकलेला निघाला तर मलाच शंका येईल.

सकाळी 8.15, नाशिक रस्ता

भोसरीच्या उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू जायचं आणि एकदम एक्सलेटर दाबायचा. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. थोडासा घसरला. पहिला रकाना.

मोशीकडे जाताना खिडक्या बंद करून कान मागे लावले. ईको मागच्या चाकांवर चालते, म्हणजे खालून प्रोपेलर शाफ्ट आणि मागे डिफरन्शियल. एक्सलेटर दिल्यावर एक घोंघाट आणि सोडल्यावर दुसराच, असं असेल तर आतले दात खाल्लेत. इथं हलका, एकसारखा आवाज होता. ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबली. दुसऱ्या गिअरला उतरताना सिंक्रो किंचित कुरकुरला.

आता गाडी सीएनजीवरून पेट्रोलवर घेतली. मला याचीच वाट होती. दोनशे मीटर बरी चालली, मग झटके. टाकीकडून पंपाची किणकिण ऐकू येत होती. पेट्रोलचा काटा तळाला.

"पेट्रोल कधी भरता?"

"लागतंच कुठे? शंभर-दोनशेचं टाकतो अधूनमधून."

सीएनजी गाड्यांत ही हमखास गोष्ट. पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलनं थंड राहतो. टाकी कायम कोरडी ठेवली की तो तापून तापून जातो. आणि ही गाडी सुरू होते पेट्रोलवर, गॅसवर नंतर जाते. म्हणजे पंप ज्या सकाळी मरेल त्या सकाळी सिलिंडर गॅसनं भरलेला असून गाडी दारातून हलणार नाही. दुसऱ्या रकान्यातली पहिली नोंद. पाच-सहा हजारांची वस्तू, पण बाकी सगळ्याच्या आधी बदलायची.

सकाळी 9.15

परत येऊन, इंजिन गरम असतानाच, सीट उचलली, चारही प्लग काढले आणि गेज लावून एक्सलेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घेतलं. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे, चौथा दहा टक्क्यांनी कमी. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. आकडा वाढला असता तर दोष रिंगांचा, कारण ऑइल फटी बुजवतं. वाढला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह. गॅस कोरडा जळतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजवतो. या गाड्यांना ते होणारच. पण व्हॉल्व्ह जाताना गाडी जागेवर थरथरायला लागते, आठवडे आधी सांगते. पहिला रकाना, वर्षभरानं.

आता मीटर. 2 लाख 14 हजार.

ताईंचा चेहरा पडला. त्यांचा भाऊ मघाशी येऊन मिळाला होता, तो तर सरळ म्हणाला, "काका, सोडा हो. दोन लाखांच्या वर गेलेली गाडी म्हणजे भंगार."

मी त्याला हिशेब मांडून दाखवला. कुरिअरची गाडी, रोज 120 किलोमीटर, वर्षाचे 300 दिवस. वर्षाला 36 हजार, सहा वर्षांत 2 लाख 16 हजार. मीटर खरं बोलतंय. माल म्हणजे कपडे आणि मोबाइलचे खोके, वजन फारसं नाही. हीच गाडी वीस लिटरच्या पाण्याच्या जारवाल्याकडे असती, तर तीस जार म्हणजे सहाशे किलो, रोज गल्लीबोळातून, चढ-उतार, थांब-चाल. मग 90 हजार किलोमीटरांवरही ती मला नको होती. आणि ताईंचं काम? दिवसाला 40 किलोमीटर, वर्षाला 12 हजार. सोपं करून सांगितलं: कुरिअरवाल्याचं चार महिन्यांचं धावणं म्हणजे ताईंचं वर्ष.

भाऊ म्हणाला, "पण मी एक बघून ठेवलीय. 78 हजार फक्त. चकाचक."

बघू म्हटलं.

सकाळी 11.15, सोलापूर रस्ता

यार्डात ओळीनं गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर 'सिंगल ओनर'. भावाची गाडी त्याच मॉडेलची, 2018 ची, खरंच चकाचक. इंजिन गरम. "आत्ताच जागा बदलली," एजंट म्हणाला.

मी मीटरकडे गेलो नाही, पायाकडे गेलो. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, धातू डोकावतोय. ब्रेकचं रबर कोरं करकरीत. 78 हजारांत रबर एवढं झिजत नाही, आणि झिजलं तर दोन्ही झिजतात. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली. स्टेअरिंगला नवं कव्हर, खाली मूळ चाक सोललेलं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर अलीकडचे, चार कंपन्यांचे. स्टेपनी मात्र मूळची, 2018 ची, घासून घासून तार दिसत होती.

नंबर एमएच-08, रत्नागिरी. मी मागचं दार उघडलं. फिनेलचा वास डोक्यात गेला, आणि फिनेलच्या खाली दुसरा वास. मालाच्या जागेत नवं मॅट अंथरलेलं. कोपरा उचलला आणि प्लगपान्याच्या टोकानं तळ टोकरला. टोक आत गेलं. बर्फातली मासळी वाहिलेली गाडी. वितळलेलं खारं पाणी वर्षानुवर्षं मॅटखाली, जोडांत, चासीच्या पोकळीत मुरतं. खाली ताजा काळा रंग फासला होता. गंजावर रंग लावला की पापुद्रे धरतात, आरशात ते स्पष्ट दिसले. मासळी वाहण्यात काही वाईट नाही, कोकणात जावं आणि मुद्दाम अशा गाड्या बघाव्यात, लोक कशा धुऊन-पुसून वापरतात ते. पण ही गाडी काय होती हे लपवायला कुणीतरी खर्च केला होता, आणि तो खर्च गाडी नीट करण्यावर केलेला नव्हता.

स्कॅनर लावलाच नाही. काही गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरबाहेर दुसऱ्या मॉड्यूलमध्येही सापडते, काहींत सापडत नाही. इथं गरजच नव्हती. गंजलेला तळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याला दुरुस्ती नाही.

भाऊ बराच वेळ बॉनेटवरून हात फिरवत होता. मी काही बोललो नाही.

दुपारी 1.00, हडपसर

जेवताना कागद. एम-परिवहनवर भोसरीच्या गाडीचा नंबर टाकला. फिटनेस चालू. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, म्हणजे ही गाडी लवकरच दरवर्षाच्या फेऱ्यात जाणार. तो दिवसही खर्चातच धरायचा. एकूण वजन 3 हजार किलोच्या आत, त्यामुळे परमिट लागत नाही. विमा चालू, पीयूसी संपलेली. ई-चलनं बाकी.

आणि बोजा. फायनान्स कंपनीचं नाव अजून तसंच होतं. मालकाला फोन केला. "हप्ते कधीच संपले काका, नाव काढायचं राहिलंय." राहतं खरं बऱ्याच जणांचं. पण हप्ते संपणं वेगळं आणि आरसीवरून बोजा उतरणं वेगळं. फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया नाही, असं ताईंना सांगितलं. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी असते, तारीख प्लेटवर असते. सकाळी मी तिचा फोटो घेतला होता. दोन महिने उरले होते. तोही खर्च भावात.

इंजिन नंबर आणि चासी नंबर मी फोटोवरून आरसीशी आकडा-आकडा जुळवतो. त्यात भाजी गार होते. होऊ दे.

दुपारी 3.00, मार्केट यार्ड

दुसरं गिऱ्हाईक: वाईकडचा तरुण आणि त्याचे वडील. पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरी घेऊन रात्री पुण्यात आणायची. भुसार विभागातल्या एका व्यापाऱ्याची फोर्स ट्रॅव्हलर डिलिव्हरी व्हॅन होती, डिझेल, 3 लाख 80 हजार किलोमीटर चाललेली. हिच्यातलं 2.6 लिटरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम 616 च्या वंशातलं. त्यामुळे आकड्यानं मी दचकलो नाही, हे घराणं दमदार आहे. व्यापारी म्हणाला, इंजिनाचं काम दोन वर्षांपूर्वी केलंय. बिल? बिल नव्हतं. बिल नसलेलं इंजिनाचं काम मी झालेलं धरत नाही.

रिकाम्या गाडीत चक्कर मारण्यात अर्थ नव्हता. साखरेची 50 किलोची वीस पोती भरायला लावली. व्यापारी नाखूश, हमाल त्याहून. एक टन घेऊन कोंढव्यावरून बोपदेव घाट गाठला.

निम्म्या घाटापर्यंत गाडी सुरेख चढली. टर्बोचा दम चांगला, धूर हलका. मुलगा खूश होऊन वडिलांकडे बघत होता. मग तापमानाचा काटा हलला. मध्यावरून पाऊण, पाऊणवरून पुढे. माथ्यावर गाडी बाजूला घेतली. रेडिएटरचं झाकण अशा वेळी उघडायचं नसतं. रिझर्व्ह टाकीत बघायचं. बुडबुडे येत होते, एकामागून एक, थांबत नव्हते. वरचा होज पाइप दाबला, दगडासारखा. सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरत होती. गॅस्केट गेलेलं, नाहीतर हेडलाच चीर. दोन वर्षांपूर्वीचं 'काम' बहुधा इथपर्यंतच आलं होतं.

वडिलांनी विचारलं, "हेडचं काम करून घेतली तर?"

हा प्रश्न योग्य होता. हेड उघडल्यावर आत काय निघेल यावर खर्च ठरतो, आणि ते आज कुणीच सांगू शकत नाही. भरलेल्या गाडीनं पसरणी घाट उतरायचा आणि पुढे कात्रजचा चढ चढायचा, तोही रात्री. गाडी चढावर उभी राहिली तर सकाळपर्यंत माल मऊ पडतो, आणि टोचन लावून आणलेल्या स्ट्रॉबेरीला बाजारात भाव नसतो. मी म्हटलं, व्यापाऱ्यानं हेड स्वतः करून, बिल देऊन विकली तर पुन्हा हीच पोती घालून हाच घाट चढू. आज नाही. उतरताना ब्रेक बघितले. ते चांगले होते, हे व्यापाऱ्याला आवर्जून सांगितलं.

संध्याकाळी 6.00

ताईंचा फोन. भाऊ अजून 78 हजारांवर अडला होता, पण आवाज खाली आलेला. भोसरीला पुन्हा गेलो. मालकानं 2 लाख 60 हजार सांगितले होते. भाव करताना मी गाडीला नावं ठेवत नाही. वहीच पुढे ठेवतो. पंप, क्लच, बॉल जॉइंट, मागचे शॉकअब्सॉर्बर, डिफरन्शियलचं सील, हायड्रो टेस्ट, पीयूसी, शिवाय बाकी ई-चलनं त्याचीच. त्यानं वही वाचली, पंपावर बोट ठेवून म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं." मला ते खरं वाटलं. 2 लाख 24 हजारांवर सौदा ठरला, बोजा त्यानं उतरवायचा.

टोकन दिल्यावर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ठेवल्या. डिलिव्हरी नोट मात्र गाडी हातात येईल त्या दिवशी, आणि तिच्यावर नुसती तारीख नाही, वेळसुद्धा. त्या वेळेच्या आधीची चलनं आणि अपघात मालकाचे, नंतरचे ताईंचे, असं आपसात ठरलं. विमा नावावर करून घ्यायचा अर्ज 14 दिवसांच्या आत द्यायचा, हेही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पान फाडून दिलं.

रात्री 8.00

ताईंनी विचारलं, "एनओसी शनिवारी आली तर सोमवारी डबे हिच्यातून जातील ना?"

"मंगळवारी," मी म्हटलं. "सोमवारी पंप. आणि येताना टाकी अर्धी भरून आणा, गॅसची नाही, पेट्रोलची."